तोटी नसलेलं आभाळ

मुलांनो, आत्ता जिथे बसला आहात तिथूनच जरा वर बघा. छत दिसेल. पंखा असेल, एखादी भेग असेल, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं असेल. आता अशी कल्पना करा, की कुणीतरी ते सगळं छत निळं रंगवलं आहे. नुसतं निळं नाही. कडेला फिकट, मध्यावर गडद, आणि त्यावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. आड लपवलेले दिवे हळूहळू बदलत राहतात, म्हणून तासाभरात तिथे सकाळ होते, दुपार होते आणि गुलाबी संध्याकाळ होते. रात्र मात्र होऊ देत नाहीत, कारण रात्र झाली की माणसांना घर आठवतं. संध्याकाळ संपली की पुन्हा सकाळ.

झालं का आभाळ तयार? आता त्याच्याखाली एक दगडी रस्ता घाला. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून एक कालवा, कालव्यात गाणाऱ्या नावाड्यांच्या लांबट होड्या. आणि कालव्याच्या काठाला एक बाक. त्या बाकावर माझ्या बहिणीला बसवा. तिच्या मांडीवर हिरवी छत्री आहे.

हे सगळं लास व्हेगसमधल्या 'पोर्तो सेलेस्ते' नावाच्या हॉटेलात होतं. मी या शहरात तीस वर्षं चौथीच्या मुलांना विज्ञान शिकवलं. जे पाहिलं तेवढंच सांगतो. अर्थ मला लागलेला नाही, त्यामुळे मला विचारू नका.

आमचं मूळ गाव हवाई बेटांवरचं हिलो. हिलोत आठवड्यातले पाच दिवस पाऊस असतो. तिथल्या लोकांना व्हेगसचं भारी वेड. वर्षभर पैसे साठवतात आणि विमानात बसतात ते थेट इथे येतात, म्हणून आमची बेटं आठ असली तरी या वाळवंटातल्या शहराला आम्ही आमचं नववं बेट म्हणतो. त्या उन्हाळ्यात माझी बहीण आली होती, सोबत दहा वर्षांची नात इवालानी. तिला सगळे इवा म्हणतात. आमच्याकडे पहिलं नातवंड आजीने वाढवायची रीत आहे. इवा अंगावर पीत होती तेव्हापासून आजीपाशी आहे. आजीला आम्ही टूटू म्हणतो. ती माझी मोठी बहीण, पण मीही तिला टूटूच म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं की तिला ऐकू येत नाही.

विमानतळावर तिच्या हातातली छत्री बघून मी कपाळाला हात लावला.

"टूटू, इथे वर्षातून चारदा पाऊस पडतो."

"मग पाचव्यांदा तू भीज," ती म्हणाली. "मी नाही भिजणार."

पाहुणे आले की जे जे दाखवायचं ते सगळं मी दाखवलं. संगीतावर नाचणारी कारंजी झाली. मोडीत निघालेल्या जुन्या दिव्यांच्या पाट्या जिथे उभ्या करून ठेवल्या आहेत ते अंगण झालं. या शहराच्या जुन्या भागात बैलाच्या शेपटीचं सूप झालं. तिथे निम्मं हिलो जेवायला बसलेलं असतं आणि गावी तोंड न बघणारे शेजारी गळ्यात पडतात. टूटूने खेळाच्या यंत्रांपुढेही बैठक मारली. यंत्राशी ती मांजरीशी बोलावं तशी बोलायची. "काय गं, सकाळपासून नुसती खातेयस. एकदा तरी ढेकर दे!" शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई हसून हसून खोकायला लागली.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही पोर्तो सेलेस्तेला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं परतीचं विमान होतं.

त्या रंगवलेल्या आभाळाखाली जायचं तर आधी जुगाराचं मोठं दालन ओलांडावं लागतं. दालनात लाल गालिचा आणि त्याच्या मधून संगमरवरी फरशीची वाट. लहान मुलांनी वाटेवरून चालायचं, थांबायचं नाही, आणि गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, हा इथला कायदा. इथली मुलं तो चालायला लागल्यापासून पाळतात. दारापाशी उंच खुर्चीवर ऑगस्टीन नावाचा धिप्पाड पहारेकरी बसलेला असे. मला तो ओळखत होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

इवाने मुद्दाम बुटाचं टोक गालिच्यावर टेकवलं. "असं केलं तर काय होतं?"

"मग मला खुर्चीवरून उठावं लागतं," ऑगस्टीन म्हणाला. "आणि मी उठलो की कुणाचंच बरं होत नाही. गुडघे दुखतात माझे. चला बाईसाहेब, फरशीवर."

इवाने पाय मागे घेतला, पण जाताना त्याला जीभ दाखवली. त्यानेही दाखवली.

आत दुपार चालू होती. टूटू कालव्याकाठच्या बाकावर बसली आणि मी इवाला इथल्या मुलांचा खेळ शिकवला. रंगवलेलं आभाळ कितीही खरं दिसलं, तरी आग लागली तर पाणी फवारायला छतात छोट्या गोल धातूच्या तोट्या ठेवाव्याच लागतात. चित्रकार त्या ढगांच्या कडेला लपवतो. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "तोटी!" मी वर्गातही हेच शिकवायचो. एखादी गोष्ट खरी वाटली म्हणून खरी मानायची नाही, तपासून बघायची.

"तोटी!" इवा ओरडली. "पाववाल्याच्या दुकानावर! तिथे आणखी एक! अंकल, तुम्ही झोपलात का?"

तिने मला सपाटून हरवलं. बक्षीस म्हणून मी तिला कालव्याकाठच्या फुगेवालीच्या, मारिसोलच्या, गाडीवरून लाल फुगा घेऊन दिला. मारिसोलने त्याच्या फितीला लोखंडाचा एक छोटा तुकडा बांधला. "हा सोडू नकोस हं, बाळा. फुगा वर जाऊन चिकटतो, मग शिडी आणून काढावा लागतो. शिडीवाला माझ्या नावाने खडे फोडतो."

टूटू वर बघत होती.

"मळभ येतंय," ती म्हणाली.

इवा खिदळली. "टूटू, चित्र आहे ते!"

"चित्र असेल नाहीतर काही असेल. खालून काळा पडलेला ढग पाणी टाकतो. पन्नास वर्षं फुलं विकली मी उघड्यावर. मला नको शिकवू."

मला हसू आलं. मी इवाला होडीतून चक्कर मारून आणली. परत आलो तेव्हा वर संध्याकाळ होऊन पुन्हा सकाळ झाली होती. टूटू हलली नव्हती. तिच्यासाठी ठेवलेला बर्फाचा गोळा पेल्यात पूर्ण वितळला होता, आणि बाकाच्या हातावर पाण्याचे थेंब होते.

"थंड हवेचं यंत्र गळत असेल," मी म्हणालो. थेंब रुमालाने पुसले. रुमाल नाकाशी नेला तेव्हा त्याला हिलोच्या बाजारातल्या ओल्या रस्त्याचा वास आला, कुजक्या पानांचा आणि रानआल्याच्या फुलांचा. माणसाच्या नाकाला जुने वास आठवतात. त्यात विशेष काही नाही, असं मी मनाला सांगितलं.

"वारा फिरला," टूटू म्हणाली. "समुद्राकडे चाललाय आता."

खरंच तिच्या कानामागची पांढरी बट हलत होती. इवाच्या फुग्याची फीत एका बाजूला कलली होती. मी झडप शोधली. मोठ्या इमारतीत हवेच्या झडपा असतातच. पण समोरच्या दुकानावरच्या झालरी जागच्या जागी लोंबत होत्या, आणि कालव्याच्या पाण्यावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

"चला टूटू, सूप प्यायला जाऊ," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच जाते."

"इथून? कुठे?"

वळणावर बस दिसल्यावर माणूस पिशवी उचलतो आणि जरा सावरून बसतो, तशी ती बसली. चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. फक्त ते आमच्याकडे बघून नव्हतं.

इवाने तिचा हात ओढला. "टूटू, उद्या विमान आहे आपलं. सोमवारी माझी शाळा सुरू होते. टूटू!"

"तू मोठी झालीस आता," टूटू प्रेमाने म्हणाली. तिने इवाच्या हातातून आपली बोटं सोडवून घेतली, एकेक करून.

इवा माझ्याकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती रडली नाही.

"अंकल, तोटी शोधा."

"आत्ता खेळ नको गं."

"खेळ नाहीये. शोधा."

मी वर बघितलं. पाववाल्याच्या दुकानावर मघाशी तोट्या होत्या. तिने मला बोटाने दाखवल्या होत्या, माझ्या डोळ्यांनी मी पाहिल्या होत्या. आता तिथे ढग होता. त्याच्या कडेला काही नव्हतं. चष्मा पुसून मी सगळं आभाळ धुंडाळलं, कडेपासून कडेपर्यंत. एकही तोटी नव्हती. छताच्या फळ्यांचे जोड एरवी दिसतात, तेही नव्हते. बघता बघता मला आणखी एक गोष्ट कळली. आभाळ किती उंच आहे हे मला सांगता येत नव्हतं.

"शंका आली की तपासायचं," इवा म्हणाली. माझंच वाक्य होतं ते. तिने फितीची गाठ दाताने सोडली. लोखंडाचा तुकडा टणकन फरशीवर पडला.

"अगं, सोडू नको!" मारिसोल ओरडली. "चिकटेल वर!"

फुगा सुटला.

दुकानांच्या खिडक्यांवरून तो गेला. खोट्या गच्च्यांवरून गेला. जिथे छत असायला हवं तिथपर्यंत गेला आणि थांबला नाही. संत्र्याएवढा झाला. बोराएवढा झाला. मोहरीएवढा झाला. मग नुसता एक लाल ठिपका उरला आणि ढगाने तो झाकला.

मारिसोलने छातीवर क्रूस काढला, गाडी वळवली आणि गर्दीत निघून गेली. बाकीची माणसं चालत होती, फोटो काढत होती. वर कुणीही बघत नव्हतं.

आभाळ गुलाबी व्हायला लागलं.

तेव्हा मला टूटूच्या चपला दिसल्या. तिच्या टाचा फरशीला टेकल्या नव्हत्या. बाक उंच असेल, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिची बोटंही फरशीवरून सुटली.

मी तिचा दंड धरला. माझ्या बहिणीचं वजन मला माहीत आहे. लहानपणी तिने मला पाठीवरून शाळेत नेलं आणि म्हातारपणी मी तिला गाडीतून उतरवलं. माझ्या हातात दंड होता, पण त्याला वजन नव्हतं. मघाशी फुग्याची फीत धरल्यावर बोटांना जसं लागलं होतं, तसंच लागत होतं. वरच्या बाजूला एक बारीकशी ओढ.

"टूटू," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

इवाला सुचलं.

ती टूटूच्या मांडीवर चढून बसली. दहा वर्षांची दणकट पोरगी, सगळा भार टाकून. टूटूच्या हातातली छत्री तिने हिसकावली आणि फाडकन उघडली. दोघींच्या डोक्यावर हिरवं छप्पर झालं. टूटूला आता आभाळ दिसत नव्हतं.

"ही माझी आहे!" इवा छत्रीखालून ओरडली. वर तोंड करून, गळ्याच्या शिरा ताणून. "ऐकू येतंय का? माझी आहे! फुगा घेतलास ना? तो ठेव. आजी मिळणार नाही!"

नावाडी गायचा थांबला.

छत्रीवर टप असा आवाज झाला. मग पुन्हा. मग दाणे सांडावेत तसा धो धो पाऊस वाजू लागला. फक्त छत्रीवर. माझा शर्ट कोरडा होता.

"अगं उठ," टूटू म्हणाली. "मोडशील मला."

"मोडू दे!"

"कुठे आहोत आपण?"

"घरी चाललोय," इवा म्हणाली. "वर बघायचं नाही. माझ्याकडे बघ. अंकल, धरा."

आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. छत्री इवाच्या हातात. तिला चालवत नेलं असं म्हणता येणार नाही, कारण तिची पावलं हलत नव्हती. आम्ही तिला वाऱ्यातल्या धुण्यासारखं ओढत नेलं. जुगाराच्या दालनातही छत्रीवर पाऊस वाजत होता. संगमरवरी वाट लांबून वळसा घालून जात होती. दार समोर होतं, मध्ये लाल गालिचा होता.

इवा सरळ गालिच्यावर शिरली.

"ए! फरशीवर!" ऑगस्टीन गरजला. तो खरंच खुर्चीवरून उतरला आणि लंगडत आमच्यावर आला. "मास्तर, तुम्हीसुद्धा? आणि घरात छत्री कसली..."

इवा थांबली नाही. "बाजूला हो! बाजूला हो म्हणते ना!"

त्याने टूटूच्या पायांकडे बघितलं. चपला आणि गालिचा यांच्यात एक वीत मोकळी होती.

तो वळला, आमच्यापुढे धावत गेला आणि पाठीने दार ढकलून उघडं धरून उभा राहिला. आम्ही बाहेर पडेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

बाहेर दुपार तापली होती. भट्टीचं झाकण उघडल्यासारखी झळ तोंडावर आली. मोटारी उभ्या करायच्या मोकळ्या मैदानात आम्ही चार पावलं गेलो आणि माझ्या खांद्यावर अचानक भार आला. टूटूच्या चपला डांबरावर फटकन आपटल्या.

"अरे हळू! खांदा निखळेल माझा," ती करवादली. "मेल्यांनो, म्हातारीला असं ओढतात? आणि सूपाचं काय झालं? भूक लागलीय मला."

मी हसलो. हसताना डोळे पुसावे लागले. इवाने छत्री मिटली आणि झटकली. थेंब डांबरावर पडले आणि चर्र होऊन उडून गेले. मग ती आजीच्या पोटाला घट्ट बिलगली आणि तशीच राहिली. टूटूने तिच्या केसांतून हात फिरवला. "काय झालं गं माझ्या राणीला?"

वर वाळवंटाचं आभाळ होतं. निळं, कोरडं, ढगाचा मागमूस नसलेलं. लांब डोंगर तपकिरी दिसत होते. मी किल्ल्या काढल्या.

"अंकल."

इवाचं डोकं अजून आजीच्या कुशीत होतं, पण तोंड वर होतं. दिवसभराच्या खेळाची सवय लागलेले डोळे आभाळातून फिरत होते. ते एका जागी थांबले.

"काय गं?"

"तोटी," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

तिच्या बोटाच्या रेषेत मी बघितलं. मैदानाच्या वर, खूप उंचावर, एक लहान गोल चकचकीत टिकली होती.

"विमान असेल," मी म्हणालो.

आम्ही वाट पाहिली. ती हलली नाही.

टूटूने वर बघितलं नाही. तिने हळूच इवाच्या हातातून छत्री घेतली आणि उघडली.

मैदानाच्या कडेला निवडुंगाच्या झाडांभोवती खडी पसरलेली होती. इवाने त्यातून एक खडा उचलला. एवढ्या उंच दहा वर्षांच्या मुलीचा खडा पोचत नाही, हे मी कुठल्याही वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं. तिने हात मागे नेला, नेम धरला आणि फेकला.

तो दिसेनासा झाला. आम्ही कान देऊन उभे राहिलो.

बऱ्याच वेळाने तो माझ्या बुटापाशी येऊन पडला. मी वाकून उचलला. त्याच्या एका टोकाला निळा रंग लागला होता. अजून ओला होता, माझ्या अंगठ्यावर उतरला.

मी अंगठा इवाला दाखवला. तिने तो बघितला, मान हलवली, आणि खाली बसून दोन्ही हातांनी खडी उकरायला लागली. तिला आता मोठा दगड हवा होता.